मंगळवारची रांग

ब्लँटायर, रविवार

लाडक्या फालेसीला ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. इथे इस्पितळात जेवायला मक्याच्या पिठाची न्सिमा मिळते, पण पातळ. माझी पोरं वेळेवर जेवतात ना? कोंबड्या मावशीच्या अंगणात सोडू नकोस, ती भांडायला टपलेलीच असते.

दुखणं गर्भाशयाच्या तोंडाचंच निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा ग्रंथींचा कॅन्सर, क्वचित होतो. आत दडून बसतो, व्हिनेगर लावून तपासलं तरी बऱ्याचदा दिसत नाही." म्हणून आपल्या गावच्या नर्सने तपासून मला 'सगळं ठीक आहे' सांगून घरी पाठवलं. तिला बोल लावू नकोस.

गावातल्या बायांना मात्र हे कळू देऊ नकोस. मीच त्यांना दारोदार जाऊन तपासणीला ओढून नेलंय. आता म्हणतील, "हिलाच झाला, मग आपण कशाला जायचं?" बहुतेकींचा त्या तपासणीत दिसतो गं, वेळेत बराही होतो. विचारलं तर अल्सर झालाय म्हण.

तुला अंगावरून अवेळी रक्त गेलं तर कोणाचं न ऐकता इकडे निघून ये.

पण येत्या मंगळवारी गावातल्या तपासणीला जाच. रांगेत सगळ्यांच्या पुढे बस, मी बसायचे तिथे. ती जागा रिकामी दिसायला नको.

पोरांना जवळ घे.

तुझी ताई,
एनेलेसी