अर्धं टेबल

जुबैल,
१२ मे २०१७

प्रिय इरा,

आईला आजच्या काळात पत्र कसं सुचलं, असं वाटेल तुला. बाबांच्या प्लांटवरचा एक चिनी इंजिनिअर परवा सुट्टीवर शांघायला चाललाय, तो हे तिथून पोस्टात टाकेल. फोनवर बाबा स्पीकर लावून शेजारी बसतात आणि तू त्यांना ऐकवायला बोलतेस, ईमेल तर आमचा दोघांचा एकच. त्यांना वाटतंय, या पाकिटात कैरीच्या लोणच्याची कृती आहे.

आमची बातमी जुनीच. बाबांची कंपनी अजून लाल यादीत आहे. पुरेसे सौदी कामावर नाहीत म्हणून लाल, लाल म्हणून आमचे इकामे, इथे राहायचे परवाने, पुढे वाढत नाहीत, आणि इकामा संपला म्हणून बाहेर जाऊन परत यायचा व्हिसा नाही. चार महिने झाले. रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करून या लोकांना पाजणारा माणूस आता पोलिसांची गाडी दिसली की दुधाची पिशवी सांभाळत गल्ली बदलतो. त्याच्या खुर्चीवर हाशम बसतो, सत्तावीस वर्षांचा, बाबांनीच शिकवलेला. आमच्या इकाम्याचं काय झालं विचारलं की खजुराचा डबा पुढे करतो आणि म्हणतो, ‘बुक्रा, अंकल, इन्शाल्ला.’ बुक्रा म्हणजे उद्या. पोरगा वाईट नाही. त्याच्या देशात त्याला नोकरी मिळू नये, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण म्हणून आम्हाला बरणीत झाकण लावून ठेवायचं? बाबांनी कंपनीविरुद्ध लेबर ऑफिसात तक्रार केली आहे. निकालाआधी ते देश सोडून गेले तर तक्रार खलास. म्हणून ते बसलेत, आणि त्यांच्यासोबत मी. शाळेनं शाल आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन निवृत्त केल्यापासून मला दुसरा उद्योगही नाही.

तुझे ईमेल मी पुन्हा पुन्हा वाचते. तो चीयुन डोंगर, त्याचे तांबडे कडे, कड्यांवर कोरलेली शेकडो वर्षांपूर्वीची अक्षरं, देवळांना लागून बायकामुलांसह राहणारे ताओ पुजारी. संसार करून देव सांभाळणारे मला आवडले. आमच्या नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये हे चाललं नसतं. पण त्यातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं तुला सांगितलं ना, ‘धडपडू नका, पाण्यासारखे राहा, पाणी आपली वाट काढतं’, त्याला माझा निरोप दे. म्हणावं, चार महिने आम्ही अजिबात धडपडलेलो नाही, आणि काहीही झालेलं नाही. माझा नवरा तीस वर्षं पाण्याच्या धंद्यात आहे. पाणी आपली वाट काढत नाही, त्याला पंप लागतो.

पायथ्याच्या तुझ्या गावाबद्दल तू फार प्रेमानं लिहितेस. उंच पांढऱ्या भिंती, बाहेरच्या अंगाला खिडकी जवळजवळ नाही, उजेड काय तो वरून, चौकातून. तुमच्याकडे याला वारसा म्हणतात. इथे याला कंपनी अकोमोडेशन म्हणतात. घरचे पुरुष तेरा-चौदाव्या वर्षी व्यापाराला जायचे, बायका जन्मभर वाट बघायच्या, आणि विधवा होऊन चांगल्या वागल्या तर मेल्यावर गावाच्या वाटेवर दगडी कमान. तू त्या कमानींचे दगड मोजून नकाशे काढतेस, ते तुझं काम. मला मात्र राग आला. कोकणातल्या आखातवाल्यांच्या बायकांना कमानी द्यायच्या ठरल्या, तर महाडपासून संगमेश्वरापर्यंत ऊन पडणार नाही. परवा बाबांचे मित्र मलाही म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही साथ सोडली नाहीत हो.’ पहिला दगड रचला बघ त्यांनी.

आता जे फोनवर बोलता येत नाही ते. चौकाच्या छपराचं काम पूर्ण झालं म्हणून तू मागच्या महिन्यात फोटो पाठवलास. मी छप्पर पाहिलं नाही. तुमच्या खालच्या खोलीत अर्धगोल टेबल भिंतीला लावलेलं होतं, आणि त्याचा जोडीदार समोरच्या भिंतीला. दिवाळीत तूच लिहिलं होतंस, की घरचा पुरुष घरी असला की दोन्ही अर्धी जोडून गोल टेबल करायचं, तो परगावी गेला की वेगळी ठेवायची, म्हणजे आल्यागेल्याला न विचारता कळतं. तुझी घरमालकीण, फांग आजी, ही रीत अजून पाळते असं कौतुकानं लिहिलं होतंस. तुझ्या घरचा पुरुष गेलाय, हे त्या म्हातारीनं मला सांगितलं, इरा. तू नाही सांगितलंस. आमचा जावई म्हणवणारा चैतन्य दर फोनला मीटिंगमध्ये असतो, तो कुठल्या मीटिंगमध्ये ते मला तिच्या टेबलानं सांगितलं. तुला सातवा लागलाय. मी त्याच्याबद्दल काही लिहीत नाही, कारण जे लिहीन ते कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नाडेटनं माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाही.

सरकारनं सध्या माफी जाहीर केली आहे. कागद संपलेल्यांनी मुदतीत निघून जावं, दंड नाही. दुकानदार हुसेनमियाँ, आपले दापोलीचे, मला म्हणाले, ‘टीचर, फायनल एक्झिट मारा नि चला. ह्या दार कायम उघडा नाय ऱ्हायचा.’ मी अर्ज केला. एकवीस तारखेला बोटांचे ठसे, पंचविसाला मुंबई, मग चीनचा व्हिसा. परत इथे यायचं मात्र नाही. बाबांना मी असं एकटं सोडून निघालेय, ज्यांना स्वतःच्या इन्सुलिनची वेळ मी आठवण केल्याशिवाय कळत नाही.

त्यांनी कारण विचारलं. दुसऱ्याचं पत्र आणि दुसऱ्याचं दुःख आपण उघडू नये, एवढं नन्सनी शिकवलंय. म्हणून मी म्हणाले, ‘कंटाळले मी इथे. आता नाही राहू शकत.’ ते म्हणाले, ‘बरं.’ दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी चाकांची नवी बॅग घेऊन आले, तिला कुलूप नीट लागतं का ते चार वेळा लावून पाहिलं, आणि तेव्हापासून माझ्याशी फार जपून बोलतात, पाहुण्याशी बोलावं तसं. तेहतीस वर्षांच्या संसारानंतर त्यांना वाटतंय, की वाईट दिवसांत बायको त्यांना टाकून चालली. या देशातून मला ऑफिसातला शिक्का बाहेर काढेल. या खोट्यातून मला फक्त तूच काढू शकतेस. पंचविसाच्या आत बाबांना फोन कर आणि खरं सांग. रडलीस तरी चालेल, त्यांना सवय नाही, पण शिकतील. शुक्रवारी सकाळी कर. मी तेव्हा हुसेनमियाँच्या दुकानात जाऊन बसेन, आणि तुमचं बोलून होईपर्यंत घरी येणार नाही.

तुझीच, वाटेवर असलेली,
आई