उतारावरचा थांबा

आबा,

तुमची, माझी आणि आपल्या सगळ्या वस्तीची एक जुनी तक्रार आहे. आपल्यातलं कुणी बोलायला उभं राहिलं की समोरून हात वर होतो: पुरे, बसा आता. ग्रामसभेत तुम्हाला असंच बसवलेलं मी लहानपणी पाहिलं आणि तेव्हाच ठरवलं, मला कुणी बसवणार नाही. पुढे आयुष्यभर मी तीच तक्रार माईकवरून मांडत आले. पण आज, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं लोटल्यावर, लिहायला बसले आहे ती उलट्याच भीतीनं. मला बसा म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि बसायची वेळ आली आहे की काय, अशी मला शंका येते आहे.

दिवाळीच्या आधी कुसगावात सभा होती. नव्या बंगल्यांच्या कुंपणानं आपल्या लोकांची स्मशानाकडे जायची वाट अडवली आहे. मी नेहमीसारखी कागदाशिवाय उभी राहिले. ‘जिवंतपणी पाणवठा नाकारलात, आता मेल्यावर वाटही नाकारता?’ असं म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. पुढे गेले. थोड्या वेळानं समोरचा एक म्हातारा उभा राहिला आणि साधेपणानं म्हणाला, “ताई, हे झालं की आत्ताच. फुडचं सांगा.” लोक हसले. मला वाटलं, कुंपणवाल्यांनी पेरलेला माणूस. मी त्याच्यावर तुटून पडले. “भाऊ, एकदा सांगून कळत असतं तर आपली माणसं शंभर पिढ्या गावाबाहेर राहिली असती का?” असल्या टाळ्या मला बऱ्याच दिवसांत मिळाल्या नव्हत्या. “बरं बाई, तुमी म्हणाल तसं,” म्हणत तो खाली बसला. घरी आल्यावर माझी लेक स्कूटरची किल्ली खुंटीला अडकवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, ते खरं सांगत होते. स्मशानाचा सगळा भाग तू पहिल्यापासून परत बोललीस. हातवाऱ्यांसकट.” मी म्हटलं, ठसवायला बोलले मुद्दाम. ती म्हणाली, “बरं.” त्या म्हाताऱ्यासारखंच.

त्या संध्याकाळी मला तुमची घाटातली रेल्वेची केबिन आठवली. शाळेला सुट्टी आहे, आणि तुम्ही मला ड्यूटीवर घेऊन गेला आहात. खाली दरी, वर माकडं, आणि तुमच्या डब्यातली ज्वारीची भाकरी. मुंबईकडे उतरणारी गाडी येते ती आधी थांबते. पलीकडे एक रूळ डोंगरावर चढत जातो आणि तिथेच संपतो. तुम्ही मला समजावता आहात की रुळांचा काटा कायम त्या बंद रुळाकडेच वळवलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक धड आहेत हे दिसलं, की मगच तो मुख्य मार्गाकडे फिरवायचा. न थांबणारी गाडी चढावर जाऊन अडकेल, पण दरीत जाणार नाही. ड्रायव्हर खिडकीतून ओरडतो, “काय भाऊ, रोजचीच गाडी, रोजचाच उतार, कशाला अडवता?” तुम्ही हसून म्हणता, “रोजचाच हाय म्हनून तर. चढाला गाडी आपसूक थांबती. उताराला तिला वाटतं, आपुन लय जोरात चाललोय.” गाडी गेल्यावर तुम्ही रजिस्टरात वेळ लिहिता आणि त्यापुढे एक शब्द: थांबली.

दुसऱ्या दिवशी मी रोजनिशी सुरू केली. पुस्तकांनी माझ्या घराच्या दोन भिंती भरल्या आहेत आणि दुसऱ्यांच्या रोजनिश्या मी अधाशासारख्या वाचल्या आहेत. स्वतःची मात्र कधी धड लिहिली नाही. पतसंस्थेकडून दरवर्षी फुकट मिळणाऱ्या डायऱ्यांत जानेवारीची चार पानं भरायची, मग दुधाचा हिशेब, मग भाषणाचे मुद्दे. या वेळी साधी दोनशे पानी वही आणली. पहिल्या दिवशी सपाट्यानं तीन पानं लिहिली आणि कौतुकानं लेकीला दाखवली. ती वाचून म्हणाली, “छान आहे. फक्त टाळ्या कुठे वाजवायच्या तेवढं लिहून ठेव.” मी चिडले, पण तिचं बरोबर होतं. एकटीनं लिहितानाही मी समोर मांडव बघत होते. ‘आज मी निर्धार करते की’, ‘इतिहास साक्ष आहे की’, अशी वाक्यं. त्यात मी सकाळी काय खाल्लं हेसुद्धा नव्हतं. त्यानंतर तिला पान दाखवलं नाही, आणि मांडव डोळ्यांपुढून जावा म्हणून एकाच माणसाला उद्देशून लिहायला लागले. तुम्हाला.

वही ओट्यावर चहाच्या डब्याला टेकवून ठेवते. दुपारी चहाचं आधण ठेवलं की ती हातात घ्यायची आणि चहा गाळायची वेळ होईपर्यंत लिहायचं. कधी दूध उतू गेलं, कधी लिहिणं गेलं. मध्ये आठवडाभर वही उघडलीच नाही, कारण त्या आठवड्यात मी चालू गॅस विसरून बाजारात गेले होते आणि ते लिहायची हिंमत होत नव्हती. मग तुमचा तो शब्द कामाला आला. ज्या दिवशी काही लिहवत नाही त्या दिवशी मी तारखेपुढे नुसतं ‘थांबले’ असं लिहिते. एवढ्यावर ही वही चालू राहिली आहे. मोठमोठ्या निर्धारांवर माझी एकही डायरी फेब्रुवारी बघू शकली नव्हती.

पण आबा, वही टिकली तशी भीतीही वाढली. परवा खालच्या मजल्यावरच्या मावशी अळूची पानं घेऊन आल्या. म्हणाल्या, “ताई, भाषनानं वड्या व्हत न्हाईत, बेसन लागतं.” मी खूप हसले आणि दुपारी ते लिहून काढलं. खाली एक वाक्यही जोडलं, की चळवळीतल्या माणसाला बेसनाची आठवण करून देणारं कुणीतरी शेजारी असावं. वाक्य आवडलं. मागचं पान उलटलं तर तिथे मावशी, अळू, बेसन, आणि खाली तेच वाक्य. माझंच अक्षर, शब्दाला शब्द. चहा आटून पातेलं करपलं तरी मी तिथेच उभी होते.

मावशी दोनदा आल्या आणि दोनदा तोच विनोद केला, असं असू शकतं. त्या तशा आहेतच. किंवा त्या एकदाच आल्या आणि मी दोनदा लिहिलं. विचारलं तर एका मिनिटात कळेल, जिन्यात रोज भेटतात. अजून विचारलेलं नाही. मनाला सांगते की वक्त्याला तीच वाक्यं पुन्हा बोलायची सवयच असते. माझी निम्मी भाषणं मी आयुष्यभर पुन्हा पुन्हा केली आहेत आणि लोकांनी प्रत्येक वेळी नवी समजून ऐकली आहेत. मग सवय कुठे संपली आणि दुसरं काही कुठे सुरू झालं, हे मला कोण सांगणार? डॉक्टर सांगतील. विसरण्याच्या तपासणीची त्यांची चिठ्ठी वहीतच आहे, अजून गेलेले नाही. ती मी पानात खूण म्हणून वापरते.

तुमचं शेवटचं मला रोज आठवतं. घोरावाडीचं घर, अंगणातली खाट. लांबून गाडीची शिटी ऐकली की तुम्ही ताडकन उठून विचारायचात, “लाइन कुनाला दिली?” एका सकाळी मी चहा घेऊन आले तर अदबीनं पाय आवरून घेत म्हणालात, “तुमी कुनाच्या, बाई?” मी काय केलं ठाऊक आहे? भाषण केलं. मी तुमची मुलगी, तुम्ही मला शिकवलंत, केबिनवर नेलंत, सगळं मोठ्या आवाजात, मुद्देसूद. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “लय चांगलं बोलता.” पण मला आता वेगळंच विचारायचं आहे. त्याच्याही आधी, पहिल्यांदा काही निसटलं तेव्हा, तुम्हाला कळलं होतं का? घाबरला होता का? आई म्हणायची, “हे हल्ली लय गप ऱ्हात्यात.” आम्ही समजलो, म्हातारपणी माणूस शांत होतो. इतकी वर्षं तुम्ही प्रत्येक गाडीची नोंद केलीत, आणि तुमच्या भीतीबद्दल एक ओळ नाही. ती असती तर आज मला सोबत झाली असती.

रविवारी कुसगावात पुन्हा सभा आहे. या वेळी अधिकारी येणार आहेत, आणि वाट मोकळी करायची की नाही ते तिथेच ठरणार आहे. वस्तीनं बोलायला मलाच सांगितलं आहे. मी घसरले आणि कुंपणवाले हसले, तर वाट माझ्यामुळे जाईल. त्याहून मोठी भीती ही, की मी घसरले आणि कुणीच हसलं नाही. मी इतकं छान बोलेन की माझी माणसं टाळ्याच वाजवतील, ज्याला चूक दिसेल त्याला मी जिभेनं खाली बसवेन, आणि सुसाट जाईन.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, आणि खरं सांगायचं तर आज ते तुमच्यासाठी लिहिलंच नाही. भर मैदानात बोलणारी तुमची मुलगी चार दिवस या ओट्याशी उभी राहून लेकीला एक वाक्य सांगू शकलेली नाही: मला भीती वाटते आहे. म्हणून आज वही डब्याला टेकवत नाही. हेच पान उघडं ठेवून वर तिची स्कूटरची किल्ली ठेवते आहे.

पोरी, रविवारी पहिल्या रांगेत बस. मी बोललेलंच पुन्हा बोलायला लागले की उभी राहा. काही बोलू नकोस, मला समजावू नकोस, मी वाद घालेन आणि जिंकेन. नुसती उभी राहा, मी थांबेन, आणि माईक तुझ्या हातात देईन. टाळ्या चालू असल्या तरी उभी राहा.