नव्या कोचचा फेटा

मंगळवार, संध्याकाळ. सांगली.

आज क्लबवर नव्या मुख्य कोचचा सत्कार झाला. केरळचा माणूस, मराठीचा गंध नाही. आधीचे कोच सुभेदार, त्यांना बदलून ह्यांना आणायचं मीच रेटलं. उद्या ह्यांचं खेळाडूंशी जमलं नाही, हंगाम अर्धवट टाकून गेले, तर अध्यक्ष म्हणून मलाच धरतील. घाई केली का मी?

चौथं भाषण चालू असताना ते फेट्यासकट उठले आणि उन्हात ताटकळलेल्या टीमला घेऊन सरावाला गेले.

उपाध्यक्ष तात्या चिडले. "ह्यो आत्ताच मान ठेवत न्हाई. उद्या आपलं काय ऐकणार?"

नाहीच ऐकणार. पण सगळी टीम त्या फेट्यामागं पळत होती.

माणूस बरोबर निवडलाय. पाचवं भाषण माझं होतं, ते खिशातच राहिलं.