'उत्तरवाणी'ची शुद्धी

२ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी साप्ताहिक 'उत्तरवाणी' आली. चहा गार झाला, डोकं तापलं. पान एक : 'चोराला पळून जाताना पोलिसांनी पाहिले.' पळत कोण होतं? आमच्या लंबासा गावचे पोलीस पाहता शंका रास्त आहे. पान तीन, शाळेचा समारंभ : 'जमिनीतल्या भट्टीत भाजून झाल्यावर प्रमुख पाहुण्यांनी भाषण केले.' कोंबड्या भाजल्या होत्या. वाक्यात कोंबडी औषधालाही नाही.
संकल्प : उद्यापासून प्रत्येक चुकीवर लाल शाईने खूण करून अंक संपादिकेला पाठवणे. ही प्रेमिला माझीच विद्यार्थिनी. तेव्हाही स्वल्पविराम तिखटासारखा भुरभुरायची.

३ फेब्रुवारी, रविवार
सुरुवात झाली नाही. लाल पेन बायकोने, सुखराजीने, दुधाचा हिशोब लिहायला नेलं. या घरात भाषेला काडीची किंमत नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार
आजचा अंक : 'अंत्ययात्रा अतिशय उत्साहात पार पडली.' वाचून दाखवलं. सुखराजी म्हणाली, "मेलेला सावकार होता. बरोबर आहे त्यांचं."
अंक लालभडक करून स्वतः कचेरीत नेऊन दिला. प्रेमिलाने बघितला, कपाळाला हात लावला. भारावली असावी.

१३ फेब्रुवारी, बुधवार
अपेक्षित ते घडलं. प्रेमिलाचा फोन. "मास्टरजी, आमचा मुद्रिततपासनीस राजधानीला, सुव्याला गेलाय. हा अंक तुम्ही बघाल का? पण मजकूर बदलू नका हं. फक्त चुका."
'फक्त चुका' म्हणे! चुका काढल्या तर त्या पेपरात तारीख तेवढी उरेल.
बिसुनला सांगितलं. साखर कारखान्यात जन्म गेला त्याचा, पण मित्र बालपणीचा. म्हणाला, "मास्टर, सांभाळ रे. लोक तो वाचतात." म्हणून तर!

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
कचेरीत सकाळपासून. थोर दिवस. 'संपन्न' सगळीकडून हद्दपार केला. 'दुःखद निधन'मधला 'दुःखद' खोडला. सुखद असतं तर मृताने कळवलं असतं. प्रेमिला हळूच म्हणाली, "मास्टरजी, संध्याकाळी छपाई आहे." गुणवत्तेला घड्याळ नसतं, असं सुनावलं.
शेवटी आरोग्य खात्याची सूचना हाती आली. पावसाने नळाला गढूळ पाणी येतंय, त्याबद्दल. 'पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.' काय ही भाषा! नागरिक आहेत की बैल? मी सौम्य, सुसंस्कृत केलं : 'न उकळलेले पाणी पिण्यास हरकत नाही असे समजणे योग्य ठरणार नाही.'
पण वाक्य रकान्यात मावेना. शिवाय एका वाक्यात तीन नकार. अशोभनीय. मागचा पाल्हाळ उडवला. आता वाक्य सुटसुटीत, बंदुकीच्या गोळीसारखं. प्रेमिला छापखान्यात अडकली होती, तिला दाखवण्याची गरज भासली नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार
अंक निर्दोष. दोनदा वाचला. तिसऱ्यांदा सुखराजीला वाचायला दिला. तिने चक्क वाचला, आणि चुलीवरचं पाण्याचं पातेलं उतरवून ठेवलं. लग्नापासून पहिल्यांदाच माझं लिहिलेलं वाचून ती तसं वागली. गहिवरलो.
संध्याकाळी बिसुनच्या ओट्यावर नंगोना प्यायला जमलो. त्या झिंग आणणाऱ्या मुळांची भुकटी पाण्यात कालवण्याआधी त्याने विचारलं, "मास्टर, नळाचं पाणी चालेल ना रे?"
म्हटलं, पेपर वाच.
त्याने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं : "न उकळलेले पाणी पिण्यास हरकत नाही." मग म्हणाला, "वा! या पेपरातलं पहिल्यांदाच काहीतरी कळलं!"
सगळ्यांनी टाळ्या वाजवून करवंट्या रिचवल्या. मी जरा जास्तच. सत्काराला नाही म्हणू नये.

१७ फेब्रुवारी, रविवार
पोटात थोडी कुरबुर. नंगोना जुना असावा. बिसुनला वस्तूंची पारख नाही.
दुपार : कुरबुर नव्हे.
सुखराजीलाही. 'बाहेरचं काही खाल्लंस का?' असं विचारलं. तिने नळाकडे बोट दाखवलं.

१८ फेब्रुवारी, सोमवार. इस्पितळ
पुरुषांच्या वॉर्डात ओळखीचेच चेहरे. बिसुन पलीकडच्या खाटेवर. भिंतीकडे तोंड. हाक मारली, वळला नाही. सुखराजी बायकांच्या वॉर्डात. नर्स म्हणाली, बऱ्या आहेत, पण तुम्हाला भेटायचं नाही म्हणतात.
प्रेमिला आली होती. ओरडली नाही. नारळपाणी ठेवलं. म्हणाली, "सकाळपासून रेडिओवर माफी मागतेय, मास्टरजी. घरोघरी माणसंही पाठवलीत." मग थांबून, "व्याकरणाची एकही चूक नव्हती हो."
इतर वेळी हे वाक्य मी चौकटीत लावलं असतं. आज तिच्याकडे बघवलं नाही.
ती गेल्यावर नर्स कागद घेऊन आली. काय होतंय? मी नीट सांगू लागलो : काल प्रातःकाळपासून उदरात अस्वस्थतेची जी भावना, तिचं पर्यवसान... तिने ऐकूनही घेतलं नाही. एकच शब्द लिहिला, 'जुलाब', आणि पुढच्या खाटेकडे गेली.
कागद उलटसुलट करून पाहिला. सुधारण्यासारखं काही सापडलं नाही.