सतरावं कार्ड

ता. ४ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांनाही नमस्कार सांग. सोबत दोन पाकिटं पाठवतेय, एक तुझं, एक त्यांचं. प्रत्येकात बत्तीस कार्डं आहेत. कार्डावरचा पट्टा नखाने खरवडायचा, हुंगायचं आणि कशाचा वास आला ते कागदावर लिहायचं. नाहीच आला तर ‘नाही’ लिहायचं. आमच्या संशोधनाला तुलनेसाठी धडधाकट माणसं हवी आहेत, आणि तुम्हा दोघांपेक्षा धडधाकट मला कोण मिळणार? कशासाठी ते आत्ता विचारू नकोस. आधी सांगायचं नाही असा नियमच आहे, नाहीतर माणसं जपून उत्तरं देतात.

माझं चाललंय. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मेंदूच्या कापांतल्या पेशी मोजते. कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत एका जागी त्या निम्म्याही उरत नाहीत. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणतात, हात थरथरायच्या किती आधी हा रोग पकडता येईल ते शोध, मग खुशाल डॉक्टर म्हणवून घे. तिसरं वर्ष संपत आलं, मी शोधतेच आहे. मान मात्र पार आखडलीय.

लोभ आहेच, पत्रातूनही थोडा पाठवत जा.

तुझी मुंगी

ता. १५ जून

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

कार्डं सोडवून सोबत पाठवतेय. ह्यांनी आधी कुरकुर केली. चाळीस वर्षं भट्टीपुढे काढलेल्या माणसाची कसली परीक्षा घेता, म्हणाले. शेवटी टेबलाशी समोर बसवून घेतलं. तीस वर्षं शाळेत शिकवलं, माझ्या वर्गात कुणी नापास झालं नाही. तुझे बाबा बरे नापास होतील!

बेकरीत या महिन्यात दोनदा पावाची अख्खी खेप करपली. हे भट्टीला बोल लावतात, ती बिचारी मुकाट ऐकून घेते. हल्ली सकाळी मीही विणकाम घेऊन तिथेच बसते, घरात एकटीला करमत नाही. ह्यांना शर्टाची बटणं लावायला इतका वेळ लागतो की तोवर माझा चहा पिऊन होतो. वय झालं, दुसरं काय! तू मानेला शेक घे.

लोभ असू दे आणि वेळेवर जेवत जा.

तुझी आई

ता. २७ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

खरं सांग. मी रागावणार नाही, पण खरं सांग.

काल बाईंनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. कागदांवर नावं नसतात, नुसते नंबर. दोन्हींतली उत्तरं तंतोतंत सारखी. सतरावं कार्ड आम्ही मुद्दाम कोरं ठेवतो, त्याला कसलाच वास नसतो. त्यापुढे दोन्हीकडे लिहिलं होतं, ‘ओला खडू’. बाई हसल्या. म्हणाल्या, कॉपी करणाऱ्यांनी निदान चुका तरी वेगवेगळ्या कराव्यात. मला हसू आलं नाही. ओला खडू कुणाच्या नाकात बसलाय ते मला नंबर न बघता कळलं. बाबांचा आणि खडूचा काय संबंध?

कागद बाद झाले, ते जाऊ दे. आता नियम मोडून सांगते. कंपवातात हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी वास येणं बंद होऊ शकतं. वास जायची दुसरीही दहा कारणं असतात, हे आधी वाच आणि मग घाबर. पण मी तुझं पत्र पुन्हा काढलं. करपलेले पाव, बटणं. दिवसभर हेच शिकते आणि घरच्या पत्रात मला ते दिसलं नाही. माझीच मला लाज वाटते, आई. बाबांना वास येतो का?

लोभ कमी करू नकोस. उत्तर लगेच धाड.

मुंगी

ता. ३ जुलै

चि. मुंगीस आशीर्वाद.

नाही येत. तीन वर्षं झाली.

मला शपथ घातली होती. बेकरीवाल्याला वास येत नाही हे कळलं तर दुकानात काळं कुत्रं फिरकणार नाही, म्हणायचे. करमत नाही म्हणून मी तिथे बसत नाही गं. मी हुंगायला बसते. पाव झाल्याचा वास आला की सुया खाली ठेवते, मग हे भट्टीचं दार उघडतात. मी तापाने निजून होते त्या दोनच दिवशी करपलं.

तुझं पाकीट आलं तेव्हा ह्यांना घाम फुटला. आपल्यापायी पोरीचं संशोधन बिघडेल म्हणाले. मग मी एकेक हुंगून सांगत गेले, ह्यांनी लिहिलं. मला वाटलं, तुझं काम सोपं करतेय. अगं, आधी बोलली असतीस तर! नियम म्हणे. जळला मेला तुझा नियम! आणि आता बघते तर ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर सारखा फिरतो, हातात पीठ नसतानाही. मी आपली कामाची सवय समजत होते.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. नवी कार्डं पाठवायला सांग, एवढंच बोलले. एक विचारते, खोटं सांगू नकोस. बरं होतं का गं हे?

तुझी आई

ता. ९ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

खोटं सांगत नाही. तोच रोग असेल तर बरा होत नाही. औषधांनी हातपाय बरीच वर्षं चालते ठेवता येतात. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण आधी तपासणी होऊ दे. येत्या चोवीस तारखेला आमच्या इथल्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, दोघंही या. बाबांसाठी नवी कार्डं सोबत आहेत. या खेपेला तू दुसऱ्या खोलीत बस.

बाकी भेटीत. तोवर एकमेकांवर चिडू नका.

मुंगी

ता. १८ जुलै

चि. मुंगीस आशीर्वाद.

अक्षर बारीक झालंय, चष्मा लाव. कागद वाचवतो असं तुझ्या आईला सांगत होतो, तेही खोटंच.

तिला बाहेर काढून दार लावून घेतलं. ती बाहेर सारखी खोकत होती. काही खुणा करत असेल तर मला कळल्या नाहीत. बत्तीसही कार्डं नख दुखेपर्यंत खरवडली, नाकाला चिकटवून हुंगली. नवव्याला वाटलं, ताजा पाव. हात लिहायलाही गेला. मग लक्षात आलं की मी नुसता आठवतोय, म्हणून खोडलं. बत्तीसच्या बत्तीस ठिकाणी ‘नाही’ लिहिलंय.

भीती वाटते, पोरी. चोवीसला येतोच. कॉपीचा दोष आईला देऊ नकोस, तिने तीन वर्षं माझ्या वाटचं हुंगलंय. हा कागद ज्या गठ्ठ्यात बसेल त्यात घाल, पण बाद करू नकोस.

लोभ असावा, आणि सतराव्या कार्डाचा एक मार्क द्यावा. तो मी कुणाचं न बघता मिळवलाय.

तुझा बाबा