बुधरामच्या दारातला दगड

४ मे २०१४, सकाळी
कॉलनीची पावसाळी नाली आणि साठवण टाकं, दोन्हींचं डिझाइन आजपासून माझ्याकडे. विहारातल्या मीटिंगमध्ये एकमताने ठरलं. (मी आणि कॉलनीचे अध्यक्ष पुंडलिकराव, दोघंच होतो.) तीस वर्षं ओव्हरसियर होतो, उगाच नाही. जुनी बोडी, म्हणजे गावतळं, बुजवून कॉलनी झाली, तेव्हापासून दर पावसाळ्यात घरोघरी गुडघाभर पाणी. यंदा एक थेंब येणार नाही. विमलला सांगितलं. ती म्हणाली, पहिले घरचा नळ पाहा, गळून राहिला.

७ मे
भंडाऱ्याहून जमिनीची उंची मोजायचं लेव्हल यंत्र मागून आणलं. शेवटचं घर बुधराम आणि रेवताबाईचं. म्हातारा बोडीत मासे धरायचा. दारात एक दगड, त्यावर सर्व्हेवाल्यांची छिन्नीची खूण. जुन्या सरकारी नकाशात हीच खूण, उंचीसकट! त्यामुळे तिथे यंत्र लावावंच लागलं नाही, उन्हात तेवढंच वाचलं. नकाशाप्रमाणे दगड टाक्याच्या ओव्हरफ्लोपेक्षा दोन फूट उंच. घर एकदम सेफ. दिसायला जागा खोलगट वाटते, पण डोळ्यांनी इंजिनिअरिंग होत नाही.
बुधराम खाटेवरून खोकत म्हणाला, साहेब, तो दगड तं म्या बोडीच्या पाळीवरून बंडीत घालून आनला, धुनं धुवाले. ऐंशीचा आहे. या वयात गोंधळ होतो.

१९ मे
बुधराम गेला. मौतीला गेलो. रेवताबाई म्हणाली, शेवटपावेतो दगडाचंच बोलून राहिले होते. भ्रम.

११ जून, दुपारी दोन
टाकं पूर्ण. जादा पाणी रेवताबाईच्या घरामागून नाल्यात जाईल. तिने विचारलं, साहेब, धानाची पोती माळ्यावर टाकू का? म्हटलं, कशाला? माझी गॅरंटी आहे. झाकण बसवताना आतून खोकल्याचा आवाज आला. कोरडं टाकं, आवाज घुमतो. मजुराचा असेल.
मजूर तेव्हा जेवायला गेले होते.

२४ जून
भर दुपारी दगडावर कुणीतरी बसलेलं, जाळं विणत. चष्मा पुसून पाहिलं. दगड रिकामा, पण ओला. बीपीची गोळी बदलून घ्यावी. विमल म्हणाली, काहून जाता तिकडे रोज? म्हटलं, इन्स्पेक्शन. खरं म्हणजे तिकडे जायची भीती वाटते, आणि गेल्याशिवाय राहवत नाही.
संकल्प: उद्यापासून बंद.

२५ जून
गेलो. यंत्र पुन्हा मागून आणलं होतं, दगडाची लेव्हल एकदा घेऊन टाकावी म्हणून. तिपाई उभी केली आणि अगदी पाठीमागे खोकला. सगळं गुंडाळून घरी. तसंही सरकारी नकाशावर शंका घेणं आपल्याला शोभत नाही.

२२ जुलै
तीन दिवस झड. कॉलनीत थेंब नाही! पुंडलिकरावांनी रस्त्यात हात मिळवला. सत्काराचं बोलत होते. मी नको म्हटलं, एकदाच. टाकं काठोकाठ, ओव्हरफ्लो जोरात. रेवताबाईकडे उद्या चक्कर मारीन.

२३ जुलै
सगळ्या कॉलनीचं पाणी तिच्या घरात. मागची मातीची भिंत बसली. पोरांनी तिला दोराने ओढून काढली म्हणून वाचली. धान गेलं. पोती खालीच होती.
आता ती आमच्या समोरच्या खोलीत आहे. तिने विमललाच हळू विचारलं, बाई, ह्यायनं साहेबांले दगडाचं सांगतलं नोहतं का?
मी डायरीतलं सात मेचं पान काढून वाचलं. अक्षर माझंच आहे.

२७ जुलै, सकाळी
पाणी उतरलं. यंत्र घेऊन गेलो. तिपाई उभी केली आणि खोकल्याची वाट पाहत थांबलो. बराच वेळ थांबलो. आला नाही.
मग लेव्हल घेतली. दगड ओव्हरफ्लोपेक्षा फूटभर खाली.
चार मिनिटं लागली.