लाल गाडी कोणाची, हे लिहून ठेवतो

मी, वामनराव तुळशीराम मेहरे, वय वर्षे ७३, धंदा शेती व फुलविक्री, राहणार मौजा बोरखडी, तालुका व जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. कोणी दारू पाजून लिहून घेतलेलं नाही. दारू मी १९९१ सालीच सोडली. छातीत दोन वेळा कळ येऊन गेली, पण डोकं जाग्यावर आहे. डॉक्टर नीलमताईंनी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. दाखल्यात त्यांनी "स्वभाव तापट" असंही लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं.

माझ्यामागे तीन वारस आहेत. पत्नी रुख्मिणी. मुलगा नितेश, जो शेती आणि फुलांचा धंदा पाहतो, त्याला बायको व दोन लेकरं आहेत. मुलगी दामिनी, वय ३४, लग्न केलेलं नाही, वीज मंडळात वायरमन आहे. हुद्द्याचं नावच वायरमन आहे. चढणारी बाई आहे म्हणून खांब काही बुटका होत नाही. सध्या नेमणूक अकोल्याला आहे, शनिवारी घरी येते.

घर आणि वावर वाटायला मृत्युपत्र लागलं नसतं, त्यावर आमच्यात भांडण नाही. मी लिहायला बसलो ते दामिनीच्या गाडीसाठी. ती गाडी कागदावर माझ्या नावाने आहे. उद्या मी गेलो की ती वाटणीत येईल आणि विकली जाईल. तसं होऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. पण रीत आहे, म्हणून आधी बाकीचं लिहितो.

कलम १. बोरखडीतील राहते घर, अंगण व फुलांची टिनाची शेड रुख्मिणीच्या हयातीपर्यंत तिच्या ताब्यात राहील. तिच्या पश्चात नितेश व दामिनी यांना निम्मे निम्मे. रुख्मिणीला कोणी "आई, तू आता मागच्या खोलीत झोपत जाय" म्हणायचं नाही. हे वाक्य मी माझ्या आईला म्हणालो होतो. ती गेली तरी ते मला सुटलेलं नाही.

कलम २. गट नंबर ११४ मधील तीन एकर वावर, विहीर व मोटारीसह, नितेशला. तो राबतो, ते त्याचं. त्या वावरातल्या शेडनेटबद्दल मात्र एक गोष्ट नितेशला माहीत नाही, ती इथे लिहितो. २०१९ साली शेडनेटचे पैसे "बाबांनी कुठून तरी आणले" असं तो समजतो. ते दामिनीचे होते. धारणीला नोकरी करून गाडीसाठी साठवलेले. तिने ते मला दिले आणि सांगितलं, "दादाले सांगू नोका, त्याले खाली पाह्यल्यासारखं होईन." नितेशने ते परत करावेत असं माझं म्हणणं नाही. त्याला माहीत असावं, एवढंच.

कलम ३. बँकेत जे असेल ते रुख्मिणीला. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा बरं माहीत आहे.

कलम ४. पितळी तागडी व वजनं किसनराव खडसे यांना, जे अमरावतीच्या फूलबाजारात माझ्या शेजारच्या गाळ्यावर बत्तीस वर्षं बसले. हार ओवायच्या सुया, कात्र्या आणि पाणी मारायचा पंप नितेशला. माझा मेहुणा देवीदास याला काही नाही. गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो दहा माणसांत म्हणाला, "दोन सीटच्या गाडीत संसार कुठं बसन? डिक्कीत दोन फूलकोब्या मावत नाही." आणि चारच महिन्यांनी त्याच गाडीत बसून दवाखान्यात गेला, तोही नखरे करत. त्याला एक फूलकोबी द्यावी.

कलम ५. आता गाडी. हे कलम लांबेल. ज्याला घाई असेल त्याने चहा घेऊन यावा.

गाडी दोन दारांची, दोन सीटची, लाल, छत मागे जाणारी, २०१३ सालची. कंपनी परदेशी आहे, तिचं नाव मला नीट उच्चारता येत नाही म्हणून लिहीत नाही. आरसी बुकात आहे.

अशीच गाडी का, हे मीही तिला विचारलं होतं. लोकांच्या पोरी पहिली गाडी घेतात ती चार दारांची, पांढरी, मायबापाला घेऊन मोझरीला दर्शनाला जाता येईल अशी. दामिनी म्हणाली, "बाबा, धारणीले तीन वर्सं मी जीपनं फिरली. एका जीपमधी सोळा जण. एकाचं टोपलं माह्या मांडीवर, एकाची कोंबडी माह्या पायावर. तवाच ठरवलं, गाडी घेईन तं अशी, का तिच्यात तिसरा माणूस बसूच शकला नाही पायजे." मीही जन्मभर तशाच जीपने फुलं वाहिली आहेत.

शेडनेटला पैसे दिल्यावर तिने पुन्हा शून्यापासून साठवायला सुरुवात केली. २०२१ साली अमरावतीत एका डॉक्टरांकडे ही गाडी असल्याचं तिला कळलं. दोन-अडीच वर्षं शेडमध्ये उभी होती. उंदरांनी आतली सगळी वायरिंग खाल्ली होती. दुरुस्तीवाले गाडीच्या किमतीपेक्षा जास्त मागत होते, म्हणून गिऱ्हाईक येई, उंदराच्या लेंड्या पाही आणि निघून जाई. दामिनी गेली, उजेडाला बॅटरी घेऊन दोन तास गाडीच्या पोटाखाली पडून राहिली आणि बाहेर येऊन डॉक्टरांना म्हणाली, "इंजिन चांगलं हाय. तारा तं मी रोजच ओढतो." चार लाख दहा हजारांत सौदा झाला. बँकेने एवढ्या जुन्या गाडीला कर्ज देत नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. सगळे पैसे तिचे. त्यात माझा एक रुपया नाही, रुख्मिणीचा नाही, नितेशचा नाही. हे वाक्य पुन्हा वाचावे.

गाडी टेम्पोवर टाकून बोरखडीला आणली आणि आमच्या फुलांच्या शेडमध्ये उभी केली. पुढे आठ महिने, दर शनिवारी आणि रविवारी, ती पोरगी सतरंजीवर तारांचा गुंता पसरून बसली. एकेक तार काढायची, मोजायची, नवी घालायची आणि तिला हाराच्या दोऱ्याची खूण बांधायची. लाल दोरा दिव्याचा, पिवळा हॉर्नचा. मी शेजारी बसून शेवंतीचे हार ओवायचो. पन्नास वर्षं मी हे काम करतो, पण असं खाली मान घालून काम करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. हे मी तिला तोंडावर कधी म्हणालो नाही. आमच्याकडे लेकराला तोंडावर चांगलं म्हणत नाहीत, दृष्ट लागते. म्हणून आता लिहितो: दामिनी, तुझ्यासारखा कारागीर आपल्या घराण्यात झाला नाही.

सगळ्यात आधी हॉर्न वाजला. म्हैस दावं तोडून पळाली, तिला आणायला नितेश पार वावराकडच्या पांदणीपर्यंत गेला.

गाडी पोसणं सोपं नाही, हेही लिहितो, कारण लोकांना वाटतं वायरमनला वरकमाई असेल. नाही. एका वर्षी चारही टायर बदलायची वेळ आली तेव्हा पोरगी पाच महिने एसटीने फिरली आणि गाडी ठोकळ्यावर उभी ठेवली. अकोल्यात तिने गाडीसाठी भाड्याने घेतलेली शेड तिच्या खोलीपेक्षा मोठी आहे. डबा स्वतः करते. मोबाइलची काच तडकलेली आहे, ती तशीच.

आणि गाडी चालते कशी, तर सुरेख. मूर्तिजापूरच्या पुढे रस्ता मोकळा लागतो, तिथे तिने छत उघडलं. माझी टोपी उडाली. मी म्हटलं, थांबव. ती म्हणाली, "टोपी दुसरी घेऊ, बाबा. हे पाहा." दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, वर एवढं आभाळ, आणि माझी पोरगी सत्तरच्या पुढे काटा जाऊ देत नव्हती, म्हाताऱ्याला धक्का बसू नये म्हणून. ट्रकवाले वाकून पाहत होते. मला फार आनंद झाला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. रुख्मिणीने हे मनाला लावून घेऊ नये, ती स्वतः दर शनिवारी पदर घट्ट धरून त्याच गाडीची वाट पाहते.

आता माझा गुन्हा. आमच्या घराण्यात रीत आहे की घरात पहिली कोणतीही मोठी वस्तू आली की ती थोरल्या पुरुषाच्या नावाने. पहिली बैलबंडी आजोबांच्या नावाने, विहिरीवरची पहिली मोटार वडिलांच्या नावाने, लूना मी माझ्या पैशाने घेतली तीही वडिलांच्या नावाने. गाडीच्या कागदांच्या वेळी मी दामिनीला म्हणालो, "गाडी तुह्या नावावर काहून? घराची पहिली गाडी हाय. अन् उद्या तू सासरी गेली का गाडी बी जाईन." ती म्हणाली, "लावा तुमचं नाव. चालवून तं मीच राहिली ना." मी सही केली. रीत पाळली असं मला वाटलं. खरं तर पोरीच्या घामाची वस्तू मी एका सहीत लाटली.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. २०२२ च्या दसऱ्याला गाडी फूलबाजारात नेली. किसनरावांनी विचारलं, "वामनराव, गाडी कोनाची?" मी म्हणालो, "माहीच. बुकात नाव पाहून घ्या. म्हटलं, म्हातारपणी हौस करावी." बाजाराने मला झेंडूचा हार घातला. मी स्टिअरिंगवर बसून फोटो काढून घेतला. मला गाडी चालवता येत नाही. लूनाच्या पुढे माझी मजल गेली नाही. तो फोटो दामिनीने काढला. ती हसत होती. तीन वर्षं तो फोटो आमच्या बैठकीत टांगलेला आहे आणि मी आल्यागेल्याला दाखवतो.

या दिवाळीत दामिनी ड्यूटीवर असताना नितेशने बडनेऱ्याहून एक माणूस गाडी पाहायला आणला. त्याने सव्वासात लाख सांगितले. नितेश मला म्हणाला, "बाबा, सही तुमचीच लागते. तिले अर्धे देऊ. एवढी गाडी घेऊन ते करते तरी काय?" मी नाही म्हणालो. पण नाही म्हणायच्या आधी मी विचार केला, आणि हे मला लपवायचं नाही. नितेश वाईट नाही. गाडी बापाची आहे, हे त्याला मीच शिकवलं.

गाडी तिच्या नावावर करायला मी तीनदा कागद आणले. ती सही करत नाही. म्हणते, "तुमी हाय तोवर राहू द्या. लोक म्हणतीन, पोरगी बापाच्या मरणावर टपून बसली." म्हणून लिहून ठेवतो की ही गाडी माझी मिळकत नाही, ती वाटणीत धरू नये. माझ्या पश्चात आरसी बुकावर दामिनीचं नाव लावावे, त्यासाठी लागेल तिथे नितेशने स्वतः सही करावी, आणि हौस म्हणूनसुद्धा तिच्याकडे किल्ली मागू नये.

कलम ६. तेरवीच्या दिवशी, जेवणाआधी, कलम ५ नितेशने मोठ्याने वाचावे. फूलबाजारातल्या लोकांना बोलावून बसवावे. मी जिवंतपणी त्यांच्यासमोर खोटं बोललो, ते मेल्यावर त्यांच्यासमोरच खरं व्हावं. बैठकीतला फोटो त्या दिवशी उतरवावा.

माझे म्हणणे संपले. वाचून पाहिले, बरोबर आहे.

वामनराव तुळशीराम मेहरे (सही)

साक्षीदार १: डॉ. नीलम बोंडे, अमरावती (सही)

साक्षीदार २: किसनराव महादेव खडसे, गाळेधारक, फूलबाजार, अमरावती (सही)

वामनरावनं मले पूर्ण वाचाले लावलं म्हणून दोन ओळी लिहितो. गाडी दामिनीची हाय हे आमाले दसऱ्याच्या आधीपासूनच ठाऊक होतं. ज्याईनं गाडी विकली त्या डॉक्टरच्या घरी मीच फुलं देतो. बाजारात कोनाची म्हणून विचारलं ते गंमतीनं. दसऱ्याच्या सकाळी हार घातल्यावर दामिनी माह्या गाळ्यावर आली अन् म्हणाली, काका, बाबा सांगतात तसंच चालू द्या, त्याईले लय बरं वाटून राह्यलं. तिनं साऱ्या बाजारात असं सांगितलं. म्हणून आमी तीन वर्सं गप्प होतो. किसनराव.

ता. क. — किसनरावांनी वर लिहिलेलं मी आत्ता वाचलं. कलम ६ मी रद्द करतो. तेरवीपर्यंत थांबायचं नाही. उद्या रविवार आहे, दामिनी घरी आहे. सकाळी लिलावाच्या वेळी ती मला गाडीने बाजारात नेईल, मी शेजारच्या सीटवर बसेन आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगेन. या ओळींखाली दोघांनी पुन्हा सह्या कराव्यात.

वामनराव तुळशीराम मेहरे (सही)
डॉ. नीलम बोंडे (सही)
किसनराव महादेव खडसे (सही)

ठिकाण: बोरखडी, जि. अमरावती
दिनांक: १३ डिसेंबर २०२५, शनिवार